सोयाबीनच्या भावातून फलन कसं शिकवावं

गणितात फलनाची ओळख बहुतेक वेळा दोन अंडाकृती आणि त्यांच्यामध्ये ओढलेल्या बाणांनी होते. मुलं बाण मोजतात, गुणही मिळवतात. पण हे सगळं कशासाठी, ते त्यांना उमगत नाही. लातूर, नांदेड, परभणीकडच्या मुलांच्या कानांवर तर घरात सतत आकडे पडत असतात: मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काय भाव निघाला, जायकवाडी धरण किती टक्के भरलं. सुरुवात तिथूनच करावी. कंसाची खूण मागाहून आणावी, तिची गरज मुलांना स्वतःला वाटल्यावर.

आधी हमीभाव

पिवळ्या सोयाबीनचे केंद्र सरकारने जाहीर केलेले हमीभाव फळ्यावर लिहा. हंगामाचं सुरुवातीचं वर्ष आणि क्विंटलचा भाव, एवढंच.

२०१३ – २५६० रुपये
२०१४ – २५६० रुपये
२०१५ – २६०० रुपये
२०२२ – ४३०० रुपये
२०२३ – ४६०० रुपये
२०२४ – ४८९२ रुपये

आता विचारा: वर्ष सांगितलं की भाव एकच निघतो का? निघतो. फलन म्हणजे हेच. दिलेल्या प्रत्येक गोष्टीला एक उत्तर, आणि एकच.

पहिल्या दोन ओळींपाशी थांबा. दोन वर्षांना एकच भाव आहे, मग नियम मोडला का? बरीच मुलं "हो" म्हणतील. त्यांना लगेच दुरुस्त करू नका. उलटा प्रश्न टाका: "२५६० भाव कोणत्या वर्षी होता?" आता उत्तरं दोन येतात. वर्षाकडून भावाकडे जाताना फलन आहे, भावाकडून वर्षाकडे येताना नाही. दिशा महत्त्वाची आहे, हे व्याख्या पाठ करून कळत नाही; इथे कळतं.

मग मोंढ्याचा भाव

वर्तमानपत्रातले बाजार समितीचे दर काढा. एकाच दिवशी, एकाच मालाचे तीन आकडे दिसतील: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. तारीख दिली तर भाव एकच निघतो का? नाही. कुणाचं सोयाबीन वाळलेलं, कुणाचं ओलं, कुणाच्या मालात माती जास्त. शेतकऱ्याच्या घरातलं मूल हे कारण शिक्षकाच्या आधी सांगेल.

आता खरा विचार करायला लावणारा प्रश्न: यातून फलन तयार करायचं तर काय बदलावं? एक वाट म्हणजे फक्त सर्वसाधारण दराचा रकाना धरायचा. दुसरी वाट मला जास्त आवडते: तारखेऐवजी हिशोबपट्टीचा, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या पावतीचा, क्रमांक घ्यायचा. एका पट्टीवर एकाच शेतकऱ्याचा एकच माल असेल, तर त्यावर भावही एकच असतो. आकडे तेच राहिले, आपण काय देतो ते बदललं आणि फलन मिळालं. या प्रश्नाला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

आता कंस

"२०२४ या वर्षीचा सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये" हे वाक्य पाच-सहा वेळा लिहायला लावा. हात दुखला की आखूड खूण सुचवा:

हमी(२०२४) = ४८९२

कंसात आपण दिलेली गोष्ट, बाहेर नियमाचं नाव, उजवीकडे उत्तर. वाचताना "२०२४ चा हमी" असं वाचावं. कंस म्हणजे गुणाकार ही सवय मुलांना आधीपासून असते, म्हणून नियमाचं नाव सुरुवातीला पूर्ण शब्दात ठेवा. "हमी गुणिले २०२४" म्हणायला जीभ वळत नाही. पुढे पुस्तकात याच जागी एफ आणि एक्स येतील. ही खूण लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३४ च्या सुमारास वापरात आणली.

नियम स्वतः बांधा

समजा, क क्विंटल माल हमीभाव केंद्रावर घातला. भाव ४८९२ आणि टेम्पोचं भाडं एका खेपेला १५०० धरू. हातात येणारी रक्कम:

रक्कम(क) = ४८९२ × क − १५००

रक्कम(१०) म्हणजे ४७,४२०. रक्कम(५) म्हणजे २२,९६०. दोन्हींची बेरीज ७०,३८०. पण रक्कम(१५) काढली तर ७१,८८० येतात. कंसातली बेरीज बाहेर काढून वेगवेगळी करता येत नाही; तशी करण्याची चूक परीक्षेत हमखास होते. फरक बरोबर १५०० चा आहे, कारण दोन खेपांत टेम्पोचं भाडं दोनदा गेलं. हे कारण एकदा पटलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

उलटही विचारा: रक्कम(क) = ९६,३४० असेल तर क किती? १५०० मिळवा, ४८९२ ने भागा, २० क्विंटल. रक्कम(२०) काढणं आणि हे काढणं, या दोन कामांतला फरक मुलांच्या तोंडून वदवून घ्या.

कंसात काय चालतं

रक्कम(−३) ला अर्थ नाही; उणे तीन क्विंटल सोयाबीन कुणी विकत नाही. पण उणे आकडा नेहमीच बाद असतो असंही नाही. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, एरवी न वापरलं जाणारं पाणी, ७३८, म्हणजे उपयुक्त साठा २१७१. बातमीतली टक्केवारी अशी निघते:

टक्के(स) = स ÷ २१७१ × १००

इथे स म्हणजे आजचा उपयुक्त साठा. दुष्काळात पाणी मृतसाठ्याच्या खाली जातं तेव्हा हा साठा उणे लिहितात. त्यामुळे धरणाच्या क्षमतेपुरता विचार केला तर स ला −७३८ पासून २१७१ पर्यंतची कुठलीही किंमत चालते. कंसात काय चालतं हे सूत्र सांगत नाही, परिस्थिती सांगते.

आलेख काढताना

हमीभावाचे बिंदू मांडा, पण ते रेघेने जोडू नका. २०२३ आणि २०२४ च्या मध्ये तिसरा हंगाम नाही. धरणाचा साठा मात्र थेंबाथेंबाने बदलतो, तिथे रेघ सलग ओढावी. शेवटी मोंढ्याचे तिन्ही दर एकाच तारखेवर मांडून मोजपट्टी उभी धरायला सांगा. पट्टीवर एकाहून जास्त बिंदू आले, म्हणजे ते फलन नाही.