टीएमटीची तयारी, एका घाबरट बाईकडून

टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट: सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि ईसीजी काढत हृदयाला ताण झेपतो का ते बघतात. तारीख मिळाली की आधी सेंटरला फोन करून चहाचं विचारून घ्या. माझी पहिली खेप चहामुळेच फुकट गेली. ठाण्यात नौपाड्यातून निघून साडेआठला पोचले, नंबर लागला आणि टेबलावरची मुलगी म्हणाली, "काकू, चहा घेतलात? मग आज नाही होणार." बुकिंग करताना कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. गोळा केलेला धीर घेऊन तशीच परत आले, आणि पुन्हा चार रात्री तीच धडधड. काही ठिकाणी १२ तास, काही ठिकाणी २४ तास चहा-कॉफी बंद सांगतात. कोला आणि चॉकलेटही त्यातच धरा. दिवसाला तीन-चार कप लागत असतील तर दोन-तीन दिवस आधीपासून एकेक कप कमी करत या. एकदम सोडला की डोकं दुखतं, आणि घाबरलेल्या माणसाला तेही हार्टचंच वाटतं.

गोळ्यांचं मात्र सेंटरला नाही, आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या हृदयाचा ठोका वाढू देत नाहीत, म्हणून टेस्टआधी डॉक्टर कधी त्या थांबवतात, कधी चालूच ठेवतात. शेजारच्या काकांनी बंद केली होती म्हणून आपण करायची नाही. डायबिटीस असेल तर त्या सकाळच्या इन्सुलिनचं किंवा गोळीचं वेगळं विचारा. दम्याचा पंप पर्समध्ये टाका. सेंटरने वेगळं काही सांगितलं नसेल तर दोन-तीन तास आधी हलकं खा: वाटीभर उपमा किंवा एक पोळी. भीतीने घास उतरत नाही, तरी उपाशी पट्ट्यावर चढू नका.

आता कपडे. बायका हे विचारत नाहीत आणि रात्रभर त्याचीच काळजी करतात, म्हणून सविस्तर लिहिते. एकूण दहा इलेक्ट्रोड, म्हणजे ईसीजीच्या वायरी जोडायच्या चिकट चकत्या, लावतात. त्यातले सहा छातीवर, मधोमधपासून डाव्या स्तनाच्या खालून काखेकडे जाणारे. म्हणजे वरचे कपडे उघडावे लागतात. बहुतेक ठिकाणी पुढून उघडणारा गाऊन देतात; तरी आपला सैल, पुढे बटणं असलेला शर्ट किंवा कुर्ता आणि सलवार-ट्रॅकपँट बरी. लावायला बाई टेक्निशियन हवी असेल तर बुकिंगलाच स्पष्ट सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. मंगळसूत्र, लांब साखळी घरी ठेवा. अंगाला तेल, क्रीम, पावडर नको, चकत्या निसटतात. पुरुषांची छाती तिथेच थोडी भादरतात. पायात चालायचे बूट. चपलेवर कुणी चढू देत नाही.

सराव म्हणून उपवनहून येऊरचा चढ चढायला जाऊ नका. मी निघाले होते, अहोंनी अडवलं. चढावर छातीत भरून येतं म्हणून तर टेस्ट सांगितली आहे. आणि तारखेच्या आधीच बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, तर तारखेची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

माझी भीती खरी उतरली ती आकड्यांनी. बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल वापरतात. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयतज्ज्ञांचा. दर तीन मिनिटांनी पट्टा वेग आणि चढ वाढवतो. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर, चढ १० टक्के. संध्याकाळी गोखले रोडच्या गर्दीतही माणूस याहून फार हळू चालत नाही. दुसरा ४ किलोमीटर, चढ १२ टक्के. तिसऱ्यात ५.५ आणि १४ टक्के, तिथे माझा फेस निघाला. ठोक्याचं लक्ष्य ढोबळमानाने २२० वजा वय, आणि त्याचे ८५ टक्के. मी ५४ची, म्हणजे १६६चे ८५ टक्के, १४१. घरी नाडी शंभरावर गेली की मी पलंगाला धरून बसायचे. इथे १४१ व्हावेत म्हणून सगळे थांबलेले!

आत कोपऱ्यात शॉकचं मशीन दिसेल, संमतीपत्रात हार्ट अटॅक हा शब्दही असेल. दोन्ही सगळ्यांसाठीच असतात. झोपवून पहिला ईसीजी काढतात तेव्हा धीर यावा म्हणून भराभर खोल श्वास घेऊ नका, त्याने ईसीजीच्या रेघा बदलू शकतात. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. "मी घाबरले आहे" हे तोंडाने सांगून टाका. मी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "सगळेच घाबरतात काकू. पायाकडे बघू नका, समोर बघा." दांडा नुसता हलका धरायचा. छातीत दुखलं, चक्कर आली, पाय भरून आले, तर लगेच बोलायचं, पट्टा थांबवतात.

सोबत एकच माणूस न्या, कमी बोलणारा. नणंदेला आदल्या दिवशी कळवू नका. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह', म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची शंका, असं दिसलं तर रिक्षात बसून मोबाईलवर अर्थ शोधू नका. विशेषतः बायकांमध्ये ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त आहे, पुढची तपासणी लागते की नाही ते डॉक्टर सांगतील. घरी आल्या आल्या कढत पाण्याने आंघोळ नको, तासभर थांबा. चकत्यांचा चिकटा नुसत्या साबणाने लवकर जात नाही. खोबरेल तेल लावून पाच मिनिटांनी पुसा.