कीर्तन बारीक, मृदंग मोठा: कामावर ऐकताना आवाजाच्या या चुका टाळा

लातूरच्या मार्केट यार्डात, आडत दुकानात मी टॅलीवर पट्ट्यांच्या, म्हणजे शेतमालाच्या विक्रीच्या पावत्यांच्या, नोंदी करते. कानात हेडफोन आणि त्यात कीर्तन. महाराज निरूपण हळू आवाजात करतात, म्हणून आवाज वाढवायचा. तेवढ्यात टाळ-मृदंग सुरू झाला की कान फाटायचे. मधे जाहिरात आली तर विचारूच नका. वर्षभर माझं एक बोट व्हॉल्यूमच्या बटणावरच होतं, आणि वजनाचे आकडे चुकायचे.

पहिली चूक हीच, बटणाच्या मागे धावणं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आपला हेडफोन निवडा आणि एन्हान्समेंट्समधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' सुरू करा. ते बारीक आवाज वर उचलतं, मोठा दाबतं. हा पर्याय साउंड ड्रायव्हरवर अवलंबून असतो, काही कॉम्प्युटरवर दिसतच नाही. मग यूट्यूबच्या सेटिंगच्या चक्रात 'स्टेबल व्हॉल्यूम' बघा. डाउनलोड केलेलं कीर्तन व्हीएलसी प्लेअरमध्ये ऐकत असाल तर तिथला कॉम्प्रेसर लावा, तोही मोठ्या-बारीक आवाजातला फरक कमी करतो. शास्त्रीय गाणं ऐकताना मात्र हे सगळं बंद ठेवा; चढउतार हाच त्या गाण्याचा जीव आहे.

दुसरी चूक: प्लेअरचा आवाज अगदी कमी आणि स्पीकरचं बटण पूर्ण फिरवलेलं. त्यानं खरखर वाढते आणि नोटिफिकेशनचं 'टिंग' दुकानभर घुमतं. प्लेअर १०० वर ठेवा, कमी-जास्त स्पीकरवर करा. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये 'सिस्टिम साउंड्स' वेगळे कमी करता येतात, तेही करून टाका.

उन्हाळ्यातली चूक सगळ्यात वाईट. कूलरच्या घरघरीवर मात करायला आपण आवाज चढवतो. लाइट जाते, कूलर थांबतो, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालूच राहतो, आणि तेव्हा कळतं आपण किती मोठ्यानं ऐकत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच सुरक्षित; ९० डेसिबलला फक्त ४ तास. आपली ड्यूटीच त्याहून मोठी. त्यापेक्षा कान नीट झाकणारा हेडफोन घ्या, किंवा कूलरचं तोंड थोडं फिरवा.

कॉम्प्युटरवर कॉल आला की गाणं आपोआप बारीक होतं, तो बिघाड नाही. कंट्रोल पॅनलमध्ये साउंडच्या 'कम्युनिकेशन्स' टॅबवर ८० टक्के कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो. तिथे 'डू नथिंग' करा.