नोकरी सांभाळून सायकल आणि कॅमेरा : कामाच्या दिवशीची छायाचित्रफेरी कशी आखावी

नोकरी करणाऱ्या माणसाला सायकल आणि छायाचित्रण असे दोन्ही छंद असले, की त्याची खरी ओढाताण वेळेची असते. दोन्ही छंद सुटीच्या दिवसावर ढकलले, तर सुटीत साठलेली कामे आधी पुढे येतात आणि महिनोन्‌महिने सायकलीच्या चाकांत हवा नाही आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीत चार्ज नाही अशी अवस्था होते. त्यावरचा माझ्या मते सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे आठवड्यातील दोन किंवा तीन कामाच्या दिवशी पहाटेचा एक तास राखून ठेवणे आणि त्या तासात दोन्ही छंद एकत्र करणे.

हे दोन छंद एकमेकांना पूरक ठरतात ते थांबण्याच्या सोयीमुळे. मोटारीतून जाणाऱ्याला दृश्य जाणवेपर्यंत ते मागे पडलेले असते. पायी जाणाऱ्याला कोठेही थांबता येते, पण तासाभरात त्याचा पल्ला चार-पाच किलोमीटरच्या पुढे जात नाही. सायकलस्वार मात्र बराच पल्ला गाठतो आणि हवे तेथे उतरूही शकतो. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर, मग ती रस्ता निवडण्याची असो वा बॅग निवडण्याची, आपण एकच गोष्ट तपासावी : यामुळे थांबणे सोपे होते की अवघड?

ही सोबत नवी नाही. जॉन केंप स्टार्ली यांची, जवळपास सारख्या आकाराच्या चाकांची आणि चेनवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल १८८५ मध्ये आली आणि १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेला जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा १८८८ मध्ये. पुढच्याच दशकात सायकलीवर नेण्यासाठी म्हणून खास बनवलेले कॅमेरे विकले जाऊ लागले होते.

पहिली पायरी : वेळेचा उलटा हिशोब

कामावर निघण्याची वेळ आधी लिहावी आणि तेथून मागे मोजत यावे. अंघोळ, न्याहारी आणि आवराआवर यांचा वेळ वजा केल्यावर घरी परत पोहोचण्याची वेळ मिळते. त्यातून एक तास वजा केला की निघण्याची वेळ ठरते. या तासात सायकल किती चालवायची, याचा अंदाज बहुतेक जण चुकवतात. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर वेग धरला, तर १२ किलोमीटरला ४० मिनिटे लागतात आणि चित्रांसाठी २० मिनिटे उरतात. एवढ्यात चार किंवा पाच थांबे नीट होतात. त्यामुळे अंतर १२ किलोमीटरच्या आतच ठेवावे. अंतर वाढवण्याचा मोह झाला, तर ती फेरी व्यायामाची मानावी आणि त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवावा.

सूर्योदयाची वेळ रोज बदलते, म्हणून ती आदल्या रात्री पाहून घ्यावी. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असताना आकाशात निळसर संधिप्रकाश असतो, आणि तो वर आल्यानंतर साधारण ६ अंशांपर्यंत चढेतो ऊन सोनेरी, तिरपे आणि लांब सावल्यांचे असते. आकाशात सूर्य तासाला जास्तीत जास्त १५ अंश चढतो, त्यामुळे विषुववृत्ताजवळ हे दोन्ही टप्पे जेमतेम पंचवीस-पंचवीस मिनिटांत संपतात. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके ते लांबतात. तेव्हा सूर्योदयापूर्वी अर्धा तास घराबाहेर पडता येत असेल, तर एका तासात दोन्ही प्रकारचा प्रकाश पदरात पडतो.

दुसरी पायरी : एकच रस्ता निवडणे

रोज नवा रस्ता शोधण्याची हौस स्वाभाविक आहे, परंतु कामाच्या दिवशी ती आवरावी. एकच रस्ता निदान महिनाभर धरावा. नव्या रस्त्यावर निम्मे लक्ष खड्डे आणि वळणे सांभाळण्यात जाते; ओळखीच्या रस्त्यावर तेच लक्ष प्रकाशाकडे देता येते, आणि कोणत्या ठिकाणी सायकल सुरक्षितपणे बाजूला घेता येते हेही पाठ होते. शिवाय रस्ता तोच असला तरी प्रकाश तोच राहत नाही. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास सूर्य थेट पूर्वेला उगवतो, जूनमध्ये उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे सरकतो. जी भिंत एका ऋतूत सावलीत असते, तिच्यावर दुसऱ्या ऋतूत उजेड येतो.

रस्त्याची दिशा हा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचा विचार क्वचितच केला जातो. शक्य असेल तर सूर्योदयापूर्वी पूर्वेकडे जावे आणि सूर्य वर आल्यावर पश्चिमेकडे परतावे. जाताना समोर उजळणारे आकाश मिळते आणि त्यापुढील झाडे, खांब, पूल यांच्या काळ्या आकृती टिपता येतात. परतताना सूर्य पाठीशी असल्यामुळे समोरच्या दृश्यावर ऊन पडलेले असते. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून सायकल चालवताना मागून येणाऱ्या वाहनचालकाच्याही डोळ्यांवर तेच ऊन येते आणि सायकलस्वार त्याला दिसत नाही. परतीच्या वाटेवर हा धोका समोरून येणाऱ्या आणि चौकात आपल्यासमोरून वळणाऱ्या वाहनांकडून असतो, म्हणून तेथे वेग कमी करावा आणि चालकाने आपल्याला पाहिले आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी : सायकल आणि कॅमेऱ्याची रात्रीची तयारी

पहाटे निर्णय घेण्याची वेळ आली, की निम्मी माणसे पुन्हा झोपतात. म्हणून शक्य तेवढे सगळे रात्रीच उरकावे.

टायरमधील हवा पंपाच्या मापकाने तपासावी. किती हवा चालते, हे टायरच्या कडेवर छापलेले असते. कमाल आकड्यापर्यंत न जाता थोडे खाली राहिल्यास हादरे कमी बसतात. दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा चार्ज केलेला असावा, आणि सीटखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि छोटी हत्यारे असावीत. छोटा पंपही सायकलीला अडकवलेला असावा. पंक्चर झालेली ट्यूब रस्त्यात चिकटवत बसण्यापेक्षा ट्यूब बदलून घरी येणे बरे, कारण कामावर वेळेत पोहोचायचे असते. थांबताना पाय सहज टेकावेत म्हणून सीट खाली करून ठेवण्याची सवय मात्र टाळावी, त्याने गुडघ्यांवर ताण येतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवणे हीच योग्य रीत आहे.

कॅमेरा कसा न्यावा, यात हादरे आणि हाताला येणे या दोन्हींचा विचार करावा लागतो. मागच्या कॅरिअरवर किंवा हँडलला घट्ट बांधलेल्या कॅमेऱ्याला रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट लागतो. ॲपलने २०२१ मध्ये मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची कार्यक्षमता घटू शकते असा इशारा दिला होता. सायकलीचे हादरे निराळे असले, तरी लेन्समधील स्थिरीकरणाची यंत्रणा नाजूक असते हे त्यातून ध्यानात येते. अंगावर घेतलेल्या बॅगेत हे हादरे शरीर पचवते. पाठीवरची सॅक दर थांब्याला उतरवावी लागते, आणि कंटाळा आला की थांबणेच बंद होते. त्यापेक्षा एका खांद्यावरून तिरपी घेतलेली, कमरेला दुसऱ्या पट्ट्याने बांधलेली छोटी बॅग उत्तम, कारण ती बगलेखालून पुढे ओढून कॅमेरा क्षणात हाती घेता येतो. पडण्याचा प्रसंग आला तर कठीण वस्तू मणक्यावर येऊ नये, म्हणून बॅग पाठीच्या मधोमध न ठेवता बाजूला ठेवावी. लेन्स एकच न्यावी. पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या प्रकाशग्राहकाच्या) हिशोबाने ३५ किंवा ५० मिलिमीटर नाभीय अंतराची लहान लेन्स बहुतेक सगळे काम करते. ट्रायपॉड घरीच ठेवावा.

कॅमेऱ्याची जुळवणीही रात्रीच करावी. ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचे छिद्र आपण ठरवायचे, शटरची गती कॅमेऱ्याने), स्वयंचलित आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि शटरची किमान गती १/२५० सेकंद ही सुरुवातीला चांगली मांडणी आहे. हातात कॅमेरा धरताना शटरची गती निदान ‘एक भागिले लेन्सचे नाभीय अंतर’ इतकी असावी, म्हणजे ५० मिलिमीटरला १/५० सेकंद, असा जुना नियम आहे. तो शांत उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. चढ चढून आलेल्या सायकलस्वाराची छाती धपापत असते आणि ठोके वाढलेले असतात, म्हणून बरीच अधिक गती ठेवावी. प्रकाशाचा रंगसमतोल ‘डेलाइट’वर ठेवावा, स्वयंचलित समतोल पहाटेचा सोनेरीपणा बिघाड समजून पुसून टाकतो. चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती न गाळता, साठवावीत आणि कार्डात जागा आहे हे पाहून घ्यावे.

चौथी पायरी : थांबणे

दृश्य दिसताच ब्रेक दाबू नये. आधी मागे वळून पाहावे, हाताने इशारा करावा आणि वेग उतरत असतानाच गिअर हलका करून घ्यावा, कारण बहुतेक गिअरच्या सायकलींत चेन फिरत असतानाच गिअर बदलतो आणि जड गिअरमध्ये थांबलेली सायकल पुन्हा निघताना डगमगते. रस्त्याच्या पूर्ण बाहेर उतरावे. सायकल भिंतीला टेकवताना चेनची बाजू बाहेर राहील असे पाहावे, म्हणजे गिअरचा मागचा नाजूक भाग घासत नाही. चालत्या सायकलीवरून एका हाताने चित्र घेणे हे कौशल्य नव्हे. ते स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालणे आहे.

कॅमेऱ्याचा पट्टा मानेत अडकवावा, आणि मग लगेच शटर न दाबता दोन-तीन सावकाश श्वास घ्यावेत. कोपर सीटवर किंवा कठड्यावर टेकवता आले तर उत्तम. नाहीतर दोन्ही कोपरे बरगड्यांशी दाबून धरावेत. श्वास सोडून झाल्यावर क्षणभर शरीर स्थिर असते, तेव्हा बोट हळूच दाबावे. पहाटेचे आकाश जमिनीपेक्षा फार उजळ असते, म्हणून एक्स्पोजर (चित्रावर पडणारा प्रकाश) दोन तृतीयांश ते एक ‘स्टॉप’ कमी ठेवावे; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. सावलीतील तपशील नंतर रॉमधून उजळता येतात, पण पांढरे पडलेले आकाश परत येत नाही.

यानंतर लगेच पुढे निघण्याची घाई करू नये. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये फ्रान्समधील इएर येथे टिपलेले चित्र या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. वळत खाली उतरणाऱ्या जिन्याच्या वरून घेतलेल्या त्या चौकटीत रस्त्याचे वळण, कठड्याची रेषा आणि पायऱ्या काटेकोर बसल्या आहेत, आणि रस्त्यावरून एक सायकलस्वार धूसर होत निघून जात आहे. तो नसता तर चित्र रिकामे वाटले असते. आपणही आधी चौकट ठरवावी, फोकस एका जागी पक्का करावा आणि कोणीतरी तेथून जाण्याची वाट पाहावी. त्यासाठी पाच मिनिटे द्यावीत. थांब्यांची संख्या कमी ठेवण्याचा फायदा येथे कळतो.

जाणाऱ्या सायकलस्वाराचा वेग दाखवायचा असेल, तर १/३० सेकंद गती ठेवून कमरेतून वळत कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवावा आणि शटर दाबून झाल्यावरही फिरवणे थांबवू नये. माणूस बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचा देखावा आडव्या रेषांत ओढलेला दिसतो. हे जमायला बरीच चित्रे वाया जातात आणि ती जाऊ द्यावीत. मात्र कोणाचा चेहरा जवळून टिपायचा असेल, तर आधी विचारावे आणि नकार मिळाला तर कॅमेरा खाली घ्यावा.

पाचवी पायरी : घरी आल्यावर

घामातील मीठ धातूला आणि रबराला मारक असते, म्हणून किंचित ओल्या आणि मग कोरड्या कापडाने कॅमेरा पुसावा. बाहेर थंडी आणि घरात ऊब असेल, तर कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्यावा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरते. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी वाढते आणि ती काढणे खर्चाचे असते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत कॅमेरा ठेवणे हा सोपा बंदोबस्त आहे. चेनवर धूळ बसली असेल तर ती फडक्याने पुसावी, तेलाचा एक-एक थेंब कड्यांवर सोडावा आणि वर राहिलेले तेल पुन्हा पुसून टाकावे.

चित्रे त्याच संध्याकाळी कार्डातून काढावीत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम नोकरदाराला पुरेसा आहे : प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. निवडीला १५ मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये. हललेली आणि एकसारखी चित्रे काढून टाकावीत, एका फेरीतील दोन किंवा तीनच ठेवावीत आणि त्यांसोबत जागा, वेळ आणि सूर्याची बाजू यांची एक ओळ वहीत लिहावी.

पुढच्या फेरीचे थांबे याच नोंदींतून ठरवावेत. एखाद्या जागेचे चित्र पुन्हा पुन्हा फिके येत असेल, तर बहुधा तेथे ऊन चुकीच्या बाजूने येत असते. अशी जागा सोडून न देता सूर्योदयाची दिशा पुढे कोणत्या महिन्यांत सरकते ते पाहावे, त्या महिन्याचे नाव जागेसमोर लिहावे आणि तोपर्यंत तेथे घालवलेली पाच मिनिटे दुसऱ्या थांब्याला द्यावीत.