ऑफिसात कुत्रा आणताय? या चुका टाळा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचं एखादं ऑफिस 'शुक्रवारी कुत्रा आणायला हरकत नाही' असं जाहीर करतं, तेव्हा सुरुवातीला सगळं गोड असतं. फोटो निघतात, एरवी एकमेकांना टाळणारे अकाउंट्सवाले आणि सेल्सवाले एकाच लॅब्राडॉरभोवती उकिडवे बसतात. बिनसायला लागतं ते नंतर, नव्याची नवलाई ओसरल्यावर. आणि त्यात कुत्र्याचा दोष फार थोडा असतो. माणसांनी आधी ठरवायच्या गोष्टी राहून गेलेल्या असतात.

फायदा होतो, हे खरंच. अमेरिकेत व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कंपनीत केलेली पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. कुत्रा सोबत असलेल्यांना जाणवणारा ताण दिवस चढत गेला तसा घटला, कुत्रा घरी ठेवून आलेल्यांचा वाढला. मात्र कंपनी एकच होती, माणसं शंभराच्या आतली, आणि तिथे कुत्रे आणायची प्रथा आधीपासूनची. शिवाय ताण उतरला तो कुत्रा घेऊन येणाऱ्यांचा. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न आपल्या ऑफिसात आपल्यालाच विचारायचा आहे.

सगळ्यांसमोर हात वर करायला लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. मीटिंगमध्ये 'कुणाला काही प्रॉब्लेम?' असं विचारलं की कुणीच काही बोलत नाही. त्यातून पहिला कुत्रा साहेबांचाच असेल तर बोलणं संपलंच. गप्प बसलेल्यांत कुणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, कुणी दुपारी नमाज पढतं आणि कपड्यांना लाळ लागलेली त्यांना चालत नाही, कुणाला दमा असतो आणि ते ऑफिसात ठाऊक व्हायला नको असतं. नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवा किंवा निनावी फॉर्म पाठवा. उत्तरं बदलतात.

आलेल्या 'नको'मध्येही फरक करा. भीतीवर आणि सोवळ्या-ओवळ्यावर तोडगा निघतो: ठरावीक वार, ठरावीक खोली, पॅन्ट्री आणि लिफ्टजवळ पट्टा हातात. ॲलर्जी आणि दम्यावर असा तोडगा चालत नाही. 'आमच्या पूडलचे केस गळत नाहीत' हे उत्तर तिथे लंगडं पडतं, कारण त्रास देणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. पूर्णपणे ॲलर्जीमुक्त अशी जातच नाही. सेंट्रल एसी तीच हवा मजलाभर फिरवतो आणि शुक्रवारचा कोंडा सोमवारी कार्पेटमध्येच असतो. मजल्यावर एकालाही कुत्र्यामुळे दम उठत असेल तर त्या मजल्यावर कुत्रा नको. इथे बहुमत मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साफसफाई मावशींवर ढकलणं

नव्या जागेत उत्साहाच्या भरात कुत्रा शू करतोच. मालक 'सॉरी, सॉरी' म्हणत फोनवर असतो आणि हाउसकीपिंगच्या मावशी न सांगता फडकं घेऊन येतात. हे त्यांच्या कामात कुणी कधी धरलेलं नसतं, आणि कंत्राटी असल्यामुळे त्या नाही म्हणत नाहीत. निनावी फॉर्म त्यांच्यापर्यंत पोचत नाही, वॉचमनपर्यंतही नाही. त्यांना वेगळं, समोर बसवून विचारा. नियम साधा ठेवा: ज्याचा कुत्रा, त्याने पुसायचं. टिश्यू, पिशव्या आणि एन्झाइमवालं क्लीनर मालकाच्या बॅगेत हवं. नुसत्या पाण्याने पुसलं तर वास उरतो आणि कुत्रा पुन्हा तोच कोपरा शोधतो.

भलताच कागद पुढे करणं

'कुत्र्याला लिफ्टमध्ये अडवता येत नाही, नियमच आहे' म्हणत काही जण गेटवरच्या सिक्युरिटीशी हुज्जत घालतात. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या ज्या सूचना ते दाखवतात, त्या राहत्या सोसायट्यांसाठीच्या. ऑफिस ही कंपनीची, आणि बहुतेकदा आयटी पार्कवाल्यांची जागा. कंपनीने हो म्हटलं तरी पार्कच्या व्यवस्थापनाची आणि भाडेकराराची संमती लागते. ती लेखी घ्या. तुम्ही ठाण्यात राहत असाल किंवा नवी मुंबईत, महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा चालू दाखला मोबाइलमध्ये असू द्या. आणि जनावर सांभाळण्यात हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बॉम्बे हाउसचा दाखला कुणीतरी देतंच. टाटांच्या त्या इमारतीत २०१८ च्या नूतनीकरणात भटक्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली काढली गेली. दाखला द्यायचा तर त्या खोलीचाही द्या.

कुत्र्याला काय हवंय ते न बघणं

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर, मग पार्किंग, मग गुळगुळीत टाइल्स, मग गोंजारणारे वीस अनोळखी हात. काही कुत्र्यांना हे सोसत नाही. माणसासारखा अंगभर घाम त्यांना येत नाही, धापा टाकूनच ते उष्णता बाहेर टाकतात. म्हणून पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मे महिन्यात घरीच राहू द्या. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हा समज सोडा. बिथरलेला कुत्राही शेपूट हलवतो. सारखी जांभई, ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पायांत घालणं या खुणा दिसल्या की गर्दी हटवा.

गुरगुरला म्हणून त्याला दटावू नका. गुरगुरणं हा इशारा असतो. तो दाबायला शिकवलंत तर पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतील.

गेटबाहेरच्या कुत्र्यांचाही विचार करा. रबाळे-महापे एमआयडीसीत चहाच्या टपरीपाशी त्यांची हद्द ठरलेली असते. तुमचा पाळीव पाहुणा पट्ट्याने चालत आला की ते धावून येणारच. गाडी थेट बेसमेंटला न्या आणि फिरवायला दुसरं गेट वापरा.

पावसाळा विसरणं

जून ते सप्टेंबर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, माणसांनाही होणारा आजार) काळ. उंदरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात येतात, त्यात पाय घालणाऱ्या कुत्र्याला लागण होते आणि मग त्याच्याही मुतातून ते पसरतात. म्हणजे मावशींच्या फडक्याचा प्रश्न इथे नुसत्या मानापमानाचा राहत नाही. लस दरवर्षी द्या, पण ती लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. रस्त्यावर पाणी तुंबलं असेल त्या दिवशी कुत्रा आणूच नका.

खाण्याचं थोडक्यात: वाढदिवसाचा चॉकलेट केक, मनुका, कांदा आणि झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगगम कुत्र्याला विषारी. डस्टबिनला झाकण हवं.

चावलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. 'आमच्या कुत्र्याचं लसीकरण झालंय' हे डॉक्टरला सांगा, पण इंजेक्शन लागेल की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. सहकाऱ्याचं मन राखायला घटना लपवू नका. तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, मात्र तेवढे दिवस थांबून मग लस घेऊ, असं करायचं नाही. त्या दहा दिवसांत तो ऑफिसात येत नाही, मग तो साहेबांचा का असेना.