गावच्या वळणावर वेगमर्यादा लावून घ्यायची असेल तर

‘गाड्या फार जोरात जातात, गतिरोधक द्यावा’ असा एका ओळीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडच्या रस्त्यांसाठी अर्ज करताना त्यात रस्त्याचा क्रमांक, जागा आणि मोजलेले आकडे असतील, तर अभियंत्याला त्याचे उत्तर द्यावेच लागते.

आधी रस्ता कोणाचा ते बघा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. कल्याण-मुरबाड-माळशेज हा राष्ट्रीय महामार्ग 61 आहे. तिथला अर्ज जिल्हा परिषदेत दिला तर फुकट जाईल. प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. रस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर पहिली 5 वर्षे देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते. सुरुवातीच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते, तिचा फोटो काढा. क्रमांक कुठेच सापडला नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात मागा; 30 दिवसांत उत्तर यायला हवे.

आता खरे काम, मोजमाप. गाडी थांबायला लागणारे अंतर रस्त्याच्या मानकांत ठरलेले आहे: ताशी 30 किमीला 30 मीटर, 40 ला 45, 50 ला 60 आणि 60 ला 80 मीटर. ग्रामीण रस्ता बहुधा 3.75 मीटर रुंद, म्हणजे एकपदरी, आणि वाहतूक मात्र दोन्हीकडून. समोरासमोर येणाऱ्या दोघांनाही थांबायचे असते, म्हणून हे अंतर दुप्पट धरायचे. वळणावर 60 मीटर पुढचे दिसत असेल तर पुष्कळ वाटते, पण तिथे सुरक्षित वेग 30 च निघतो. नेमकी हीच गोष्ट अर्जांतून सुटते.

दृष्टीचे अंतर मोजताना डोळा 1.2 मीटर उंचीवर ठेवा. दुसऱ्या माणसाने वळणापलीकडे तेवढ्याच उंचीवर रंगीत फडके धरून मागे मागे जावे. फडके दिसेनासे झाले की थांबा आणि रस्त्याच्या मध्यरेषेवरून टेप लावा. मोजणी भाद्रपदात करा. गवत आणि झुडपे माजलेली असताना जे दिसते तेच खरे. उन्हाळ्यातला आकडा फसवा असतो.

वेगासाठी सरळ भागात एकमेकींपासून 50 मीटरवर चुन्याच्या दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ घ्या. 180 ला सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात: 6 सेकंद म्हणजे 30, 4.5 म्हणजे 40, 3 म्हणजे 60. पुढच्या गाडीमागे अडकलेल्या गाड्या धरू नका. साइडपट्टीच्या बाहेर, झाडाआड उभे राहा. माणसे दिसली की चालक ब्रेक मारतो आणि आकडे बिघडतात. 100 गाड्यांच्या वेळा चढत्या क्रमाने लावून पंधरावा आकडा घ्या. त्यावरून निघणारा वेग 85 टक्के चालक ओलांडत नाहीत. वेगमर्यादा ठरवताना अभियंते हाच आकडा बघतात.

केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत ‘इतर रस्त्यां’वर कारला कमाल 70 आणि दुचाकीला 60 ची मुभा आहे. एकपदरी गावरस्त्याला हा आकडा लागू पडणे हेच मुळात चुकीचे आहे. म्हणून नुसती पाटी मागू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली त्या भागासाठी कमी मर्यादेची अधिसूचना काढा, असे स्पष्ट लिहा. तिच्याशिवाय पाटीवरच्या आकड्याला दंडाचा आधार मिळत नाही.

गतिरोधक हवाच असेल तर मापासकट मागा: 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच, वर रंगाचे पट्टे आणि 40 मीटर आधी सूचनाफलक. गावाने रातोरात घातलेला फूटभर रुंदीचा सिमेंटचा उंचवटा अंधारात दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो. ऐन वळणावर तर गतिरोधक कधीच नको. राष्ट्रीय महामार्गावर तो मागूच नका. तिथे रंबल पट्टे (गाडीला खडखड जाणवणारे कमी उंचीचे आडवे पट्टे) मागा, आणि गावचा रस्ता जिथे महामार्गाला मिळतो तिथे गतिरोधक गावच्या रस्त्यावर घ्या.

पुष्कळदा वळणाच्या आतल्या बाजूची झुडपे छाटली, साइडपट्टी मुरमाने भरली की निम्मे काम होते. ही मागणी अर्जात पहिली ठेवा, कारण तिला अधिसूचना लागत नाही.

ठराव ग्रामसभेत करा: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर. ठरावात ‘शाळेजवळ’ असे मोघम न लिहिता ‘किमी 4/200 ते 4/500’ (म्हणजे 4 किमी 200 मीटर ते 4 किमी 500 मीटर) असे लिहा. ठराव, मोजणीचा तक्ता आणि फोटो जोडून एक प्रत बांधकाम उपविभागाला, एक ठाणे ग्रामीण पोलिसांच्या वाहतूक शाखेला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांकडच्या रस्ता सुरक्षा समितीला द्या. तिन्ही ठिकाणी आवक क्रमांकाची पोच घ्या.