चालू प्रोग्रॅममधले मेथड कॉल ट्रेस करताय? या चुका टाळा

समजा, सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं पट्टी काढायचं सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे. हळदीच्या पट्टीत हमाली जादा कापली जातेय, अशी तक्रार आली. कोड लिहिणारा कधीच पुण्याला गेलेला. तुम्ही सेटट्रेस (sys.settrace, म्हणजे प्रत्येक फंक्शन कॉलची खबर आपल्या ट्रेसर फंक्शनला देणारी पायथॉनची सोय) लावलं आणि ट्रेसमध्ये दिसलं: 'हळदपट्टी.हमाली' लागोपाठ दोनदा. सापडला बग म्हणून एक कॉल उडवायची घाई नेमकी इथे होते.

बहुतेक जण ट्रेसमध्ये क्लासचं नाव सेल्फच्या (ज्या ऑब्जेक्टवर मेथड चाललीय त्याच्या) टाइपवरून छापतात. हा टाइप ऑब्जेक्टचा असतो; मेथड कुठल्या क्लासात लिहिलीय ते त्यातून कळत नाही. हळदपट्टी हा पट्टी या मूळ क्लासवरून बनलेला क्लास असेल आणि त्याची हमाली सुपरमार्फत मूळ पट्टीची हमाली बोलावत असेल, तर दोन्ही ओळी सारख्याच दिसणार. पायथॉन 3.11 पासून कोड ऑब्जेक्टवर को_क्वालनेम (co_qualname, मेथड जिथे लिहिलीय त्या क्लाससकट तिचं नाव) मिळतं, ते छापा. दुसरी ओळ लगेच 'पट्टी.हमाली' होते. आता रिटर्न इव्हेंटमधले दोन्ही आकडे बघा. हळदपट्टी मूळ रकमेत स्वतःची भर घालतेय का, ते तिथेच कळेल.

जनरेटरही (यील्डने एकेक किंमत देत थांबणारं फंक्शन) असाच फसवतो. यील्डनंतर तो पुन्हा सुरू झाला की दर वेळी 'कॉल' इव्हेंट येतो, त्यामुळे पोत्यांच्या नोंदी देणारी एकच मेथड शंभरदा बोलावल्यासारखी वाटते.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे ट्रेसरमध्ये सेल्फ थेट प्रिंट करणं. इनिट (ऑब्जेक्टची फील्ड भरणारी __init__ मेथड) सुरू होताना ऑब्जेक्ट रिकामाच असतो. ऑब्जेक्ट छापताना त्याचा मजकूर देणाऱ्या __repr__ मेथडने न भरलेलं फील्ड मागितलं की एरर येते, पायथॉन ट्रेसिंग बंद करतं आणि ती एरर तुमच्या प्रोग्रॅममध्येच जाऊन आदळते. जँगो या वेब फ्रेमवर्कचा क्वेरीसेट (डेटाबेसमधल्या नोंदींची मागणी) छापलात तर डेटाबेसवर नवी क्वेरी जाते. बघायला गेलात आणि प्रोग्रॅमच बदलून बसलात! क्लासचं नाव आणि आयडी, एवढं पुरे.

'ट्रेसमध्ये काहीच येत नाही' असं असेल तर थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे कामाचे धागे) तपासा. सिसमधलं सेटट्रेस चालू थ्रेडपुरतंच असतं. नव्या थ्रेडसाठी थ्रेडिंगमधलं सेटट्रेस लावा. 'सी' भाषेत लिहिलेली फंक्शन्स सेटट्रेसला दिसतच नाहीत; त्यासाठी सेटप्रोफाइल आहे.

आणि वेग. ट्रेसरने स्वतःलाच परत दिलं की दर ओळीला इव्हेंट येतो. नुसते कॉल हवे असतील तर नन (None) परत द्या. रिटर्नही हवं असेल तर फ्रेमवर (चालू कॉलच्या नोंदीवर) एफ_ट्रेस_लाइन्स (f_trace_lines) फॉल्स करा. पायथॉन 3.12 किंवा पुढचं असेल तर सिस.मॉनिटरिंग (sys.monitoring) बरंच हलकं पडतं. तरीही सौदे चालू असताना दुकानाच्या सर्व्हरवर यातलं काही लावू नका. डेटाबेसची कॉपी घेऊन आपल्या मशीनवर चालवा.