व्ही-ब्रेकच्या खुंट्या फ्रेमवर सरळ कशा बसवाव्यात

व्ही-ब्रेक म्हणजे दोन हातांनी रिमच्या दोन्ही बाजूंना रबर दाबणारा सायकलचा ब्रेक; ते हात ज्यांवर फिरतात त्या खुंट्या फ्रेमला जोडाव्या लागतात. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात सायकलची फ्रेम चांगली जुळते, पण या खुंट्या तिरक्या बसतात. कारण एकच: माप नळीवरून घेतलं जातं. ते एक्सलवरून घ्या.

आधी रिम बघा. दांडीच्या ब्रेकची २८ इंची काळी सायकल असेल तर विषय तिथेच सोडा. त्या रिमला बाजूची सपाट भिंत नसते, व्ही-ब्रेकचं रबर टेकणार कुठं? '२६ इंच' नावाच्या रिमाही एकाच मापाच्या नसतात, म्हणून टायरवर लिहिलेला रिमच्या मापाचा तीन अंकी मि.मी.चा आकडा वाचा. ५५९ असेल तर एक्सलच्या मध्यापासून खुंटीच्या मध्यापर्यंत साधारण २५५ मि.मी., ६२२ असेल तर २८६. दोन खुंट्यांत मध्य ते मध्य ८०.

विनागिअरच्या सायकलीत चेन ताणायला एक्सल खाचेत मागे सरकवतात. तो १० मि.मी. मागे गेला की रबर रिमवर ५–६ मि.मी. वर चढतं आणि टायर खातं. म्हणून माप घेताना एक्सल खाचेच्या मधोमध आवळा.

जोडताना खुंट्या जागेवर धरायला साचा करा: ५ मि.मी. जाड पट्टीचा, टी आकाराचा. आडव्या पट्टीला ८० मि.मी. अंतरावर ६ मि.मी.ची दोन छिद्रं. उभ्या पट्टीच्या खालच्या टोकाला आडवी छोटी नळी, तिच्यातून एक्सल. नळीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचे वॉशर घाला, नाहीतर सगळा साचाच एका अंगाला जातो. खुंट्या ६ मि.मी.च्या बोल्टने साच्याला कसा, स्प्रिंगची छिद्रं बाहेरच्या अंगाला. नळीवरची जागा चकचकीत घासा. जी.आय. पाइप वापरू नका, जस्ताचा पांढरा धूर ताप आणतो.

पितळ वितळवून केलेला जोड आर्क वेल्डिंगपेक्षा बरा. पातळ नळीला आर्कने भोक पडतं. डावीकडे पितळेचा एक छोटा टाका द्या, मग उजवीकडे एक, मग त्यांच्या समोरच्या बाजूंना. एकच बाजू पूर्ण भरली तर थंड होताना पितळ आकसतं आणि खुंटीला तिकडे ओढतं. पाणी ओतू नका. हात लावता येईपर्यंत साचा काढू नका.

आता तपासणी, आणि इथे घाई नको. दोन्ही खुंट्यांत १५० मि.मी.चे सरळ आटेदार रॉड फिरवा. बुडाशी आणि टोकाशी अंतर मोजा, अर्ध्या मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर टाका तापवून सरळ करा. मग आउट काढलेलं चाक घाला, रिम ते खुंटी दोन्हीकडे मोजा. फरक दिसला तर चाक उलटं करून बसवा: फरक बाजू बदलतो तर दोष चाकात, तिथेच राहतो तर खुंट्यांत.

सगळं जमलं की जोड पुरा भरा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. आट्यांत ६ मि.मी.चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, खुंटीवरचा रंग खरवडा. बोल्ट फार आवळला तर खुंटी फुगते आणि ब्रेकचा हात अडकतो. स्प्रिंग न लावता तो हात आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे. मग स्प्रिंग लावल्यावर पांदणीतला काळा चिखल अंगावर घेऊनही तो हात निदान जागेवर परत तरी येईल.